वारली प्रिंटचा धंदा करायचाय? आधी डहाणूला जाऊन या

अमेरिकेत सॅन दिएगोला 'टिकी ओॲसिस' नावाचं मोठं संमेलन भरतं. फुलाफुलांचे शर्ट घातलेले लोक, बांबूची सजावट, देवाच्या मूर्तीसारखे दिसणारे मग, आणि स्टॉलवर जोरात विक्री. त्याचे व्हिडिओ बघून आपल्यातले काही जण म्हणतात, सर, अशी थीम पकडायला पाहिजे.

पकडा. पण ही थीम आली कुठून तेही बघा. 1933 ला अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि पुढच्या काही वर्षांत हॉलिवूडला डॉन बीच, ओकलंडला ट्रेडर व्हिक यांनी पॅसिफिक बेटांच्या नावावर बार चालवले. दोघंही त्या बेटांवरचे नव्हेत. माओरी आणि मार्केसस बेटांवरच्या लोकांसाठी टिकी म्हणजे पूर्वजांशी, देवांशी जोडलेली कोरीव मूर्ती. तिचा झाला दारूचा मग! म्हणून आज तिकडे वाद चालू आहे.

आपल्याकडचं टिकी म्हणजे वारली. मुंबईत 1999 पासून काळा घोडा महोत्सव भरतो, नऊ दिवस, प्रवेश फुकट. नवीन धंदेवाल्याने एकदा तरी जावंच. असल्या बाजारात वारलीची माणसं कपावर, उशीवर, पायपुसण्यावरसुद्धा दिसतात. मुळात ती लग्नघरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, सवाष्णी काढतात, मधे पालघट देवीचा चौक असतो. देवीचा चौक पायपुसण्यावर छापायचा? उद्या कुणी आपल्या शनिदेवाच्या शिळेची नक्कल करून बारच्या दारात उभी केली, तर शिंगणापूरकर गप्प बसतील का?

माझं मत सरळ आहे. ज्यांची कला विकताय त्यांच्याकडून घ्या, नाहीतर दुसरा माल बघा. जिव्या सोमा म्हसे यांना 2011 ला पद्मश्री मिळाली, वारली चित्रांना 2014 ला जीआय मिळाला. म्हणजे त्या नावाला आता कायद्याचं संरक्षण आहे. कुठल्याही छापील मालावर 'अस्सल वारली' लिहिणं महागात पडू शकतं.

आता हिशोब. समजा छापील कप 60 ला आणला, 100 ला विकला. तोच कप शेजारच्या चार दुकानांत आहे, त्यामुळे गिऱ्हाईक 80 वर आणतं. हाताने रंगवलेली तेवढीच वस्तू 200 ला घेतली आणि सोबत चित्रकाराचं नाव, पाडा, चित्राचा अर्थ असं कार्ड ठेवलं, तर 350 सांगता येतात. नग कमी जातात हे खरं. पण भाव पाडून मागायला शेजारी तसाच माल नसतो. आमच्याकडे दर्शनाला येणारा भाविक दहा रुपयांच्या किचेनसाठी घासाघीस करतो, आणि तोच माणूस वस्तूमागची गोष्ट कळली की पाकीट काढतो. हे मी काउंटरवर रोज बघतो.

डहाणूपर्यंत मुंबईहून लोकल जाते. पुढे गंजाडच्या बाजूला पाड्यांवर चित्रकार भेटतात. पहिली ऑर्डर वीसच नगांची द्या, अर्धे पैसे आगाऊ द्या, आणि कार्डावर नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारा.