श्वानाचें दत्तविधान

अलीकडे सुशिक्षित घरांतून एक नवा शब्दप्रयोग ऐकूं येतो : "आम्हीं कुत्रा दत्तक घेतला." पूर्वीं लोक कुत्रा पाळीत, आणि मांजर तर आपण होऊनच घर धरीत असे. आतां प्राण्यांच्या निवाराघरांतून, म्हणजे ज्यास आपण पांजरपोळ म्हणत आलों तशा संस्थेंतून, जनावर घरीं आणावयाचें झालें कीं त्यास दत्तक घेणें म्हणतात. पुष्कळ वृद्ध मंडळींस हा शब्द थट्टेचा वाटतो. मला तो तसा वाटत नाहीं. ज्यानें तो प्रथम योजिला त्यानें नकळत फार मोठी जबाबदारी पदरीं घेतली आहे. आपल्याकडे दत्तविधान एकदां यथाविधि झालें म्हणजे तें फिरत नाहीं. १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्याच्या पंधराव्या कलमांतहि हेंच कायम झालेलें आहे. दत्तक मुलगा अभ्यासांत मंद निघाला म्हणून त्यास परत धाडतां येत नाहीं. निवाराघरांतून कुत्रा आणणाऱ्या किती घरांनीं शब्दाचा हा अर्थ ध्यानांत घेतलेला असतो?

"कुत्रा आणि घरांत? मग सोंवळें-ओंवळें राहिलें कोठें?" हा आजीबाईंचा आक्षेप नातवंडांनीं हंसण्यावारी नेऊं नये. त्यास आधार आहे. वैश्वदेवांतील बलिहरणांत श्वानाचा भाग आहे खरा, परंतु तो दाराबाहेर भूमीवर ठेवावयाचा. घांस द्यावा पण उंबरठा देऊं नये, अशी ती व्यवस्था. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत खुद्द इंद्रहि धर्मराजास हीच अडचण सांगतो. कुत्रा बाळगणाऱ्यास स्वर्गांत जागा नाहीं, त्याचें पुण्य क्रोधवश हरण करितात, असें त्याचें म्हणणें. ही कथा मुलांस सांगतांना आपण कुत्र्याच्या स्वामिनिष्ठेवर भर देतों. युधिष्ठिराचें उत्तर मात्र निष्ठेविषयीं नसून त्यागाविषयीं आहे. त्यानें तो कुत्रा आणला नव्हता, मागितलाहि नव्हता. हस्तिनापुराहून तो आपण होऊन मागें लागला. तरीहि आश्रयास आलेल्यास टाकणें हें ब्रह्महत्येच्या तोडीचें पातक, असें तो सांगतो व रथांत पाय ठेवीत नाहीं. तेव्हां आजीबाई "कुत्रा नको" म्हणाल्या तर त्यांच्या बाजूस इंद्र आहे. परंतु कुत्रा एकदां आंत आल्यावर "आतां नेऊन सोडा" हें म्हणणें इंद्रासहि तेथें टिकवितां आलें नाहीं. राहतां राहिलें सोंवळें. स्वयंपाकघराच्या व देवघराच्या दाराशीं थांबावयास कुत्रा कांहीं आठवड्यांत शिकतो. मात्र रोज एकाच माणसानें एकाच शब्दानें शिकविलें पाहिजे.

मुंबईची पांजरपोळ कुत्र्यांपायींच निघाली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८३२ सालीं सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम अमलांत आणला, तेव्हां कोटांतील पारशी मंडळी खवळून उठली व दंगा झाला. त्यानंतर १८३४ त जमशेटजी जीजीभाईप्रभृति धनिकांनीं भुलेश्वराकडे हें आश्रयस्थान उभारिलें. आजची स्थिति निराळी आहे. २००१ च्या व पुढें त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांप्रमाणें रस्त्यावरील कुत्र्यास निर्बीज करून, लस टोंचून, पुन्हां त्याच्याच गल्लींत सोडावयाचें असतें. शाळा, इस्पितळें, स्थानकें अशा जागांपुरता सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें याहून वेगळा हुकूम दिला. यामुळें निवाराघरांत घराची वाट पाहात जीं राहतात त्यांत अपघातांत पाय गमावलेलीं असतात, आईवेगळीं पिल्लें असतात, आणि लिहावयास लाज वाटते, परंतु कोणी तरी मोठी किंमत देऊन विकत घेतलेलीं व हौस फिटल्यावर सोडून दिलेलीं जातिवंत कुत्रींहि असतात. हीं शेवटचीं एकवार घर गमावून आलेलीं आहेत. त्यांस तुमच्या दाराकडून दुसऱ्यांदा परत जावें लागलें तर तें जाणें पहिल्यासारखें नसतें.

दत्तकास पत्नीची संमति लागते, हें कायद्याचें कलम मला या प्रकरणींहि फार मोलाचें वाटतें. एकत्र कुटुंबांत कुत्र्याचा हट्ट मुलांचा असतो, खर्च वडिलांचा असतो, कौतुक सर्वांचें असतें, आणि दुपारीं दोन वाजतां ओली फरशी पुसण्याचें काम सुनेकडे जातें. तिला कोणीं विचारलेलें नसतें. ती "हो" म्हणाली तरी तें मनापासून कीं भिडेनें, हें सासूबाईंनीं एकान्तांत पाहून घ्यावें. जी व्यक्ति दिवसभर घरीं असते तिच्या होकारावांचून हें काम हातीं घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. ज्यांनीं हट्ट धरला त्यांनीं पहांटेची फेरी आपल्या अंगावर घ्यावी, परीक्षेच्या दिवसांत सुद्धां.

निवाराघरीं गेल्यावर सर्वांचे डोळे पिल्लांकडे वळतात. मी तुम्हांस कोपऱ्यांतल्या तीन-चार वर्षांच्या कुत्र्याकडे पाहावयास सांगेन. पिल्लूं किती वाढेल, कसल्या स्वभावाचें निघेल, हें कोणासच सांगतां येत नाहीं. शिवाय वर्षभर वहाणा, पुस्तकें व खुर्च्यांचे पाय त्याच्या दांतांच्या स्वाधीन करावे लागतात. प्रौढ कुत्र्याचें सर्व दिसत असतें. लहान मुलें जवळ आलीं तर तो काय करतो, मांजर दिसल्यास काय करतो, हें तेथील सेवक तोंडपाठ सांगतात. ज्या घरांत आजी-आजोबाच अधिक वेळ असतात त्यांनीं तर सात-आठ वर्षांचा, चाल मंदावलेला कुत्रा खुशाल आणावा. एका भेटींत निर्णय करूं नये. दोन-तीनदां जावें, आणि निदान एकदां घरांतील सर्वांनीं मिळून जावें.

आतां शाकाहारी घरांच्या एका अडचणीविषयीं. हिच्याबद्दल कोणी मोकळेपणानें लिहीत नाहीं. कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्यानें शाकाहारावर नीट ठेवतां येतें. नुसती दूधपोळी मात्र त्यास पुरत नाहीं, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस दूध पचतहि नाहीं. मांजराची गोष्ट वेगळी. पूर्वीं वाड्यांतील मांजर दूधभातावर जगे असा आपला समज आहे. खरें पाहतां तें माळ्यावरच्या उंदरांवर जगे, दूधभात हा त्याचा फराळ. टॉरिन म्हणून एक द्रव्य आहे. तें मांजराच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं व निसर्गतः मांसमासळींतूनच मिळतें. तें न मिळाल्यास कालांतरानें त्याची दृष्टि जाते, हृदय दुबळें होतें. चौथ्या मजल्यावरील बंद घरांत उंदीर कोठून येणार? तेव्हां मांजराचें तयार खाद्य घरांत येऊं देण्याची तयारी नसेल, तर मांजर आणूं नये. आपला नेम त्याच्या डोळ्यांवर चालवूं नये. आणखी एक. बेदाणे, मनुका, कांदा, लसूण व चॉकलेट हीं कुत्र्यास विषासमान आहेत. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा प्रसाद प्रेमानें त्याच्यापुढें ठेवणाऱ्या आत्याबाईंस हें आधींच सांगून ठेवावें.

आणण्याची वेळहि पाहावी. माझा रोख पंचांगाकडे नाहीं. दिवाळीच्या तोंडावर मुळींच आणूं नये, कारण नव्या जागीं फटाक्यांच्या आवाजानें बावरलेला कुत्रा दार उघडें सांपडतांच पळतो व परत येण्याची वाट त्यास ठाऊक नसते. पहिले कांहीं दिवस तो खाटेखालीं बसून राहील, जेवणार नाहीं. त्यास ओढून काढूं नये, शेजाऱ्यांस दाखवावयास बोलावूं नये; पाणी जवळ ठेवून आपापल्या कामास लागावें. शस्त्रक्रियेचा व लशींचा दाखला निवाराघराकडून लेखी घ्यावा, आणि रेबीजची लस दरवर्षीं न चुकतां टोंचून घ्यावी. दांत किंवा नख लागलेंच तर हळद-चुना न भरतां जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व लागलीच दवाखाना गांठावा. हा रोग एकदां प्रकट झाला कीं माणूस बहुधा वांचत नाहीं.

पाळलेलें जनावर उपाशी मरावयास सोडून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास दंड लिहिला तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! इतक्या दंडानें कोणाचा हात थांबणार नाहीं हें उघड आहे. थांबावयाचें तें घरांतल्या माणसांनींच.

ज्यांच्या घरीं संमति होत नाहीं त्यांनीं वाईट वाटून घेऊं नये. आठवड्यांतून एक सकाळ निवाराघरीं जाऊन एखाद्या कुत्र्यास फिरवून आणण्यास कोणाच्या सोंवळ्याची आडकाठी नाहीं. आणि माळ्यावरील ट्रंकांत विरत पडलेलीं लुगडीं, धोतरें, चादरी असतील, तर त्या धुवून पावसाळ्यापूर्वीं तेथें पोंचत्या कराव्या. ओल्या फरशीवर अंथरावयास त्या दिवसांत कापड नेहमींच कमी पडतें.