तांब्याची तार आणि विजेचा भरवसा

अमरावतीच्या सराफ्यात काय किंवा अकोल्याच्या कापूसबाजारात काय, ज्या पेढ्यांच्या पाटीवर ०७२१ अथवा ०७२४ ने आरंभ होणारा क्रमांक प्रतिष्ठेची निशाणी म्हणून वर्षानुवर्षे मिरवत आला, त्या पेढ्यांचे मालक आता तांब्याच्या तारेला रजा देऊन इंटरनेटवरील दूरध्वनीची व्यवस्था पत्करू लागले, तर त्यात नवल नाही. कारण १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात मुभा मिळालेल्या या विद्येत एका संभाषणाला सेकंदास अवघी सुमारे १०० किलोबिट एवढी वाट पुरते, आणि एकच क्रमांक पेढीवर, गोदामात व मालकाच्या मोबाइलवर एकाच वेळी खणाणू शकतो. तथापि जुन्या तारेतून टेलिफोन केंद्रच ४८ व्होल्टचा पुरवठा करीत असल्यामुळे वऱ्हाडातल्या भर उन्हाळ्यातील भारनियमनातही जो फोन निमूटपणे चाकरी बजावीत असे, त्याचा नवा वारस मात्र पेढीतली वीज जाताच मुका होतो. म्हणून जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज दाखल करण्यापूर्वी राउटरला स्वतंत्र बॅटरी जोडावी आणि क्रमांक कायम राहील अशी लेखी हमी दप्तरी ठेवावी, एवढा व्यवहार ज्याने सांभाळला त्यालाच ही सुधारणा किफायतशीर ठरेल.