केलेल्या कामाचा लेख कोण लिहिणार?

मराठवाड्यातील निवासी शाळांतून आणि वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेली आपली मुले-मुली आज ज्या क्षेत्रांत काम करीत आहेत, त्यांत प्रकल्प-व्यवस्थापनाचे क्षेत्र मोठे आहे. हे नाव परके वाटले तरी काम ओळखीचे आहे. पाझर तलावाचे अंदाजपत्रक तयार करणारा शाखा अभियंता, घरकुलाचा हप्ता अडू नये म्हणून पंचायत समितीत पाठपुरावा करणारा ग्रामसेवक, रस्त्याच्या कामावरचा पर्यवेक्षक, बचत गटांची बांधणी करणारी समन्वयक आणि पुण्याच्या संगणक कंपनीत एखाद्या गटाची जबाबदारी सांभाळणारी अभियंता हे सर्व जण एकच विद्या रोज आचरणात आणतात. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशात, ठरलेल्या दर्जाचे काम अनेक माणसांना सोबत घेऊन पूर्ण करणे, ही ती विद्या होय. मात्र या विद्येची जी नियतकालिके आहेत, त्यांत लेखक म्हणून यांची नावे क्वचितच दिसतात. काम आपले आणि त्याविषयीचे लेखन दुसऱ्याचे, ही स्थिती बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही नियतकालिके कशी चालतात, हे प्रथम पाहू. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था 1969 साली स्थापन झाली. 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट जर्नल' हे तिचे नियतकालिक. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ प्रोजेक्ट मॅनेजमेंट' 1983 पासून प्रसिद्ध होत आहे. अशा नियतकालिकाकडे लेख गेला की संपादक तो प्रथम स्वतः वाचतात व योग्य वाटल्यास त्याच विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवितात. लेखक कोण हे परीक्षकांना आणि परीक्षक कोण हे लेखकाला बहुधा कळू दिले जात नाही. पुरावा कोठे आहे, आकडे कसे जमविले, आधीच्या अभ्यासकांच्या म्हणण्याशी हे कितपत जुळते, असे प्रश्न विचारले जातात. लेख दुरुस्तीसाठी परत येतो, कधी नाकारला जातो. या साऱ्यात अनेक महिने जातात. लेखकाच्या जातीचा, गावाचा वा हुद्द्याचा येथे प्रश्न येत नाही, निदान येऊ नये अशी योजना असते. ज्या समाजाला शतकानुशतके तोंडओळखीवर आणि कुळावर तोलले गेले, त्याने या पद्धतीचे महत्त्व इतरांहून अधिक ओळखायला हवे.

एका लेखाची ताकद किती असते, याचे एक उदाहरण देतो. डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्लुबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली 20 देशांतील 258 वाहतूक प्रकल्पांचे अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवून पाहिले. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा वाढलेला आढळला. सरकारी कामाचा खर्च फुगतो, हे चावडीवर बसलेल्या माणसालाही ठाऊक असते. परंतु चावडीवरचे बोलणे हवेत विरते. तीच गोष्ट पुराव्यानिशी छापली गेली, तेव्हा जगभरच्या नियोजनकर्त्यांना तिची दखल घ्यावी लागली.

आपल्याला याचा धडा परदेशातून आणण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरील निबंध वाचला आणि तो 1917 साली 'इंडियन अँटिक्वेरी' या संशोधन-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, 1918 साली, भारतातील लहान शेतधारणेवरचा त्यांचा निबंध 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'मध्ये आला. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. या निबंधात त्यांनी कीटिंग, जेव्हन्स आणि बडोद्याची समिती यांची मांडणी एकेक करून तपासली. शेत लहान की मोठे हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर लावलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, हे त्यांनी दाखविले आणि शेतीवरील अतिरिक्त माणसांना उद्योगधंद्यांत सामावून घेणे हा उपाय सांगितला. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचा कारभार पाहताना पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी जानेवारी 1945 मध्ये कलकत्त्यात झालेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. लेखन आणि प्रकल्पाची उभारणी ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. 'मूकनायक'पासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंतच्या त्यांच्या पत्रांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्यांनी संशोधन-नियतकालिकांत लिहिले, या बाजूकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जालना तालुक्यातील कडवंची या गावाचे नाव आज महाराष्ट्रभर घेतले जाते. 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, नाबार्डच्या साहाय्याने, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी तेथे माथा ते पायथा या तत्त्वाने काम केले. विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन या कामाला लाभले. डोंगरउतारावर चर खणले गेले, शेताशेतांत बांधबंदिस्ती झाली, ओघळींवर बंधारे आले. नंतर शेततळी, ठिबक आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. 2012-13 च्या भीषण दुष्काळात जालना जिल्हा होरपळत असताना या गावाने बागा टिकवून दाखविल्या. साहजिकच अभ्यासकांची रीघ लागली, अहवाल झाले, लेख झाले. यशाची अशी नोंद झाली हे चांगलेच घडले. पुढे अभ्यासकांनी महाराष्ट्रातील शेततळ्यांविषयी उलट बाजूही मांडली. पावसाचे पाणी साठविण्याऐवजी विहिरी-बोअरचे पाणी उपसून तळी भरली, तर सर्वांचे भूजल एकाच्या कुंपणात जाते, हा आक्षेप नियतकालिकांतून पुढे आला. यशोगाथेलाही तपासून घेणारी अशी जागा असणे समाजाच्या हिताचे असते.

परंतु या लेखनात एक आवाज फार क्षीण आहे. इंडो-जर्मन कार्यक्रमात सहभागी होणाऱ्या गावाला श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या अटी मान्य कराव्या लागत. ज्याला शेत आहे त्याच्या विहिरीला पाणी वाढते. ज्याच्याकडे दोन शेळ्या आणि गावाचे गायरान एवढाच आधार आहे, त्याला चराईबंदीचा अर्थ वेगळा कळतो. अमेरिकेतील अभ्यासक जॉन केर यांनी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातील पाणलोट प्रकल्पांचा अभ्यास करून 2002 साली 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात हाच मुद्दा मांडला. काही ठिकाणी जमीन-पाण्याच्या संवर्धनाची किंमत सामायिक जमिनीवर जगणाऱ्या गरिबांनी मोजली, असे त्यांनी दाखविले. गायरानाचा प्रश्न मराठवाड्यातील बौद्ध आणि अन्य दलित कुटुंबांना सांगण्याची गरज नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी 1959 आणि 1964-65 साली केलेले सत्याग्रह या जमिनीसाठीच होते. तरीही चराईबंदीचा भार भूमिहीनांवर पडतो, ही गोष्ट संशोधनाच्या भाषेत मांडण्यासाठी परदेशी प्राध्यापक यावा लागला. त्या वेळी प्रकल्पावर काम करणाऱ्यांत भूमिहीनांच्या घरातून शिकून आलेले कोणीच नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्यांनी पाहिलेले त्यांच्याबरोबरच राहिले. माझ्या दृष्टीने खरे नुकसान हेच आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप वेळेचा. दिवसभर कामावर राबणाऱ्याने लिहावे कधी? हे खरे आहे, पण प्रकल्पावर काम करणाऱ्याच्या हाती मोजमाप पुस्तिका, हजेरीपट, बैठकीची इतिवृत्ते आणि पत्रव्यवहार आधीच असतो. प्राध्यापकाला जो पुरावा मिळवायला वर्ष लागते, तो याच्या कपाटात असतो. रोज पाच ओळींची टिपणवही ठेवली, तर दोन वर्षांनी लेखाचा कच्चा माल तयार असतो. दुसरा आक्षेप भाषेचा. ही नियतकालिके इंग्रजीत निघतात. मात्र विचार मराठीत पक्का झाला असेल, तर भाषांतराला सहकारी मिळतो. 'अर्थसंवाद' आणि 'समाज प्रबोधन पत्रिका' यांसारखी मराठी नियतकालिकेही आहेत, तेथून सुरुवात करता येते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. कामातील त्रुटी लिहिली तर नोकरीवर गदा येईल, ही भीती. सरकारी सेवकांना वर्तणूक नियम आहेत आणि कार्यालयीन कागदपत्रांतील माहिती वापरताना परवानगी घेतलीच पाहिजे. पण गावाचे व व्यक्तींचे नाव न देता, काम पूर्ण झाल्यावर, कोणावर ठपका न ठेवता केलेले विवेचन हे या क्षेत्रातील मान्य लेखन आहे. 'कोण चुकले' यापेक्षा 'कोणती पद्धत चुकली' असे विचारणारा लेखच परीक्षकांच्या कसोटीला उतरतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. पदोन्नती आणि पदवीच्या गरजेमुळे पैसे घेऊन दोन दिवसांत काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली आपल्या यादीतून 4,000 हून अधिक नियतकालिके वगळली. पुढे आलेली 'केअर' यादीही 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी आता लेखकावर व संस्थांवर आली आहे. लेख स्वीकारण्याची हमी आधीच देणारे आणि परीक्षणाआधी पैसे मागणारे नियतकालिक टाळावे. अशा ठिकाणी छापलेल्या दहा लेखांपेक्षा खऱ्या परीक्षणातून परत आलेला एक नाकारलेला लेख अधिक शिकवितो. तसेच, एखाद्या विद्यापीठातील अभ्यासकाने आपल्याकडून माहिती, नोंदी आणि दिवसभराचा वेळ घेतला असेल, तर लेखाच्या शेवटी आभाराच्या ओळीत समाधान मानू नये. विश्लेषणात व लेखनात वाटा उचलावा आणि सहलेखक म्हणून नाव मागावे.

आपल्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी या दिशेने तीन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. प्रकल्पांवर काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र येऊन आपल्या कामातील एक प्रश्न पुराव्यासह मांडावा आणि इतरांनी तो परीक्षकाच्या कठोरतेने तपासावा. ज्यांचे लेख प्रसिद्ध झाले आहेत, त्यांनी नव्याने लिहिणाऱ्या एकाचा मसुदा वाचून द्यावा. आणि शाळेतील नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या गावातील एका सार्वजनिक कामाची साधी नोंद करावी. काम कधी सुरू झाले, किती पैसे मंजूर झाले, कोणी राबले, लाभ कोणाला झाला आणि कोणाला झाला नाही, एवढे त्यात असले तरी पुरे. मोजण्याची आणि लिहिण्याची सवय या वयात लागली, तर उद्या धरण, रस्ता वा पाणलोट यांच्या अहवालात भूमिहीनांसाठी एक रकाना ठेवला जाईल आणि तो भरणारी व्यक्ती आपल्यापैकीच एक असेल.