निसर्गाची ओळख : वारा फिरला, थंडी आली



आपल्याकडे ऋतू पावलापावलाने बदलतो. पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचे ऊन तापते, मग दिवाळीच्या सुमारास पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटते. पण या पृथ्वीवर असेही मुलूख आहेत, की जेथे दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून शेतात गेलेला माणूस संध्याकाळी कुडकुडत घरी येतो. अमेरिकेतील उत्तरेकडची मैदाने हा असाच एक मुलूख. उत्तर डाकोटा, दक्षिण डाकोटा, नेब्रास्का आणि मोंटानाचा पूर्व भाग यांत ही मैदाने पसरली आहेत. नजर पोहोचेल तेथवर गवत, गहू, मका आणि सूर्यफूल. सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत या मैदानांवरून थंड हवेची आघाडी जाते. ती काय असते आणि गरीब-कष्टकरी माणसाच्या जगण्याशी तिचा काय संबंध, हे आज पाहू.

आघाडी म्हटले की आपल्याला निवडणूक आठवते. हवामानशास्त्रात मात्र हा शब्द युद्धावरून आला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९च्या सुमारास, नॉर्वेतील बर्गेन शहरात विल्हेल्म बर्कनेस, त्यांचे पुत्र याकोब आणि त्यांचे सहकारी वादळांचा अभ्यास करीत होते. थंड हवा आणि उबदार हवा एकमेकींत चटकन मिसळत नाहीत, दोन फौजांसारख्या समोरासमोर उभ्या राहतात, असे त्यांना दिसले. त्या दोहोंमधील सीमेला त्यांनी 'फ्रंट' म्हणजे आघाडी असे नाव दिले.

थंड हवा जड असते. फ्रिजचे दार उघडले की गारवा आधी पायांना लागतो, तो यामुळेच. ही जड हवा पुढे सरकते तेव्हा लाकडात पाचर घुसावी तशी उबदार हवेच्या खाली घुसते व तिला वर उचलते. वर गेलेल्या हवेत बाष्प असेल तर ढग जमतात, पाऊस पडतो. बाष्प नसेल तर नुसता वारा आणि धुरळा. आघाडी येण्यापूर्वी वारा दक्षिणेकडून वाहतो, हवा ऊबदार असते, हवेचा दाब उतरत जातो. मग एकाएकी वारा फिरतो आणि वायव्येकडून घोंगावू लागतो, पारा झरझर खाली येतो व दाब चढतो. त्या मैदानांवरील शेतकऱ्याला घड्याळ न पाहता सांगता येते, की आघाडी आत्ता डोक्यावरून गेली.

वारा एवढा का? मागे थंड हवेचा जास्त दाब, पुढे कमी दाब. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा धावणारच. त्यात अडवायला झाड नाही, डोंगर नाही. उत्तर ध्रुवाकडच्या कॅनडापासून दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातापर्यंत पूर्व-पश्चिम पसरलेली एकही पर्वतरांग मध्ये नाही. आपल्या डोक्याशी हिमालय उभा आहे. मध्य आशियातील कडाक्याची थंड हवा तो बरीचशी अडवतो. म्हणून आपल्या निफाडला थंडी पडते, द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवतात, पण बर्फाचे वादळ येत नाही.

आता एक खरी घडलेली हकिकत सांगतो. ऑक्टोबर २०१३. दक्षिण डाकोटाच्या पश्चिमेला ब्लॅक हिल्स नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या आसपास गाई पाळणारी कुटुंबे राहतात. थंडीला अजून अवकाश होता. गुरे उन्हाळी कुरणांतच, उघड्यावर होती. हिवाळ्यासाठी त्यांच्या अंगावर जी दाट लव येते, ती अजून आली नव्हती. ३ ऑक्टोबरला आधी पाऊस सुरू झाला. गुरे नखशिखान्त भिजली. त्यानंतर थंड हवा शिरली, पावसाचे बर्फ झाले आणि ताशी सुमारे ११० किलोमीटरपर्यंतचे वारे सुटले. लीड या गावी ५५ इंच म्हणजे साडेचार फुटांहून जास्त बर्फ पडले. रॅपिड सिटी शहरात सुमारे दोन फूट. एका खासगी हवामान वाहिनीने या वादळाला 'ॲटलास' असे नाव दिले.

माता-भगिनींना एक गोष्ट चटकन कळेल. कोरडी गोधडी ऊब देते, कारण तिच्या थरांत हवा अडकलेली असते. तीच गोधडी भिजली तर पांघरून उपयोग नाही, उलट अंगातील ऊब ओढून घेते. गुरांच्या केसांचेही तसेच. नुसते बर्फ पडले असते तर कितीतरी गुरे वाचली असती. आधी पाऊस, मग बर्फ, वर वारा, या क्रमाने त्यांचा घात केला. गुरे वादळात वाऱ्याला पाठ देऊन चालू लागतात. बर्फाने कुंपणे बुजली होती, त्यावरून ती मैलोन् मैल भरकटली, घळींत कोसळली, पाणवठ्यांत बुडाली. वादळ ओसरल्यावर मालक मेलेल्या जनावरांच्या कानातील बिल्ले आणि अंगावरचे डाग पाहून आपली गाय कोणती ते ओळखत फिरत होते. किती गुरे मेली याचे अंदाज निरनिराळे आहेत, पण कमीतकमी अंदाजही दहा हजारांच्या पुढचा आहे.

त्याच वादळाचे दुसरे अंग पाहा. आघाडीच्या पुढच्या उबदार बाजूला, नेब्रास्कातील वेन या गावाजवळ ४ ऑक्टोबरला प्रचंड चक्रीवात उठला. एकीकडे बर्फ, दुसरीकडे भोवरा, आणि दोन्ही एकाच वादळाची लेकरे. सुदैवाने वेन येथे कोणी दगावले नाही.

आता खरा प्रश्न. गुरे मेली त्या कुटुंबांचे पुढे काय झाले? अमेरिकेत जनावरे नैसर्गिक आपत्तीत मेली तर भरपाई देणारी सरकारी योजना होती. पण तिची मुदत २०११ सालीच संपली होती आणि संसदेत नवा शेती कायदा अडकून पडला होता. त्यातच अंदाजपत्रकाच्या भांडणामुळे १ ऑक्टोबर २०१३पासून सोळा दिवस केंद्र सरकारची कचेऱ्यांची दारेच बंद होती. जनावरे मेली, पण नोंद घेणारी खिडकी बंद! श्रीमंत देशातही कष्टकरी माणसाला खिडकीसमोर ताटकळावे लागते ते असे.

तेव्हा लोकांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, जनावरे पुरण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो, बिल्ल्याचा क्रमांक, साक्षीदार, खरेदीच्या पावत्या असा सगळा पुरावा जपून ठेवला. दुसरी, एकमेकांना हात दिला. शेजारच्या मोंटाना राज्यातील पशुपालकांनी पुढाकार घेऊन आपल्या कळपांतील गाभण कालवडी डाकोटातील कुटुंबांना दिल्या. पैसा खर्च होऊन जातो, कालवड मात्र पुढच्या वर्षी वासरू देते. अखेर फेब्रुवारी २०१४मध्ये नवा कायदा झाला. भरपाईची योजना कायम झाली आणि ती मागच्या तारखेपासून लागू केली गेली. ज्यांनी कागद जपले होते त्यांचे जपणे कामी आले.

थंड आघाडी कोरडी असली तरी निरुपद्रवी नसते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उत्तर डाकोटात अशीच वाऱ्याची आघाडी आली. वारे ताशी १०० किलोमीटरच्या वर होते, गवत वाळून कोळ झालेले. ठिकठिकाणी वणवे पेटले आणि दोन माणसांचा बळी गेला. वणव्याच्या वेळी आघाडी अधिकच घातक ठरते. आग एका दिशेने लांबच लांब पट्ट्यात पुढे जात असते. वारा एकदम फिरला की त्या पट्ट्याची सबंध बाजूच आगीचे तोंड बनते. बाजूला सुरक्षित म्हणून उभा असलेला माणूस क्षणात आगीसमोर येतो. म्हणून तेथील अग्निशामक जवान आगीइतकेच लक्ष वाऱ्याच्या बातमीकडे ठेवतात.

यातून आपण काय घ्यावे? वादळ कोणाला थांबवता येत नाही. पण ते येणार हे आज दोन-चार दिवस आधी कळू शकते. आपल्याकडेही भारतीय हवामान विभाग पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत इशारे देतो. घरातील शिकत्या मुलाने रोज संध्याकाळी तो इशारा वाचून दाखवावा. सकाळी बांधकामावर, रस्त्याच्या कामावर, शेतावर जाणाऱ्या आई-बापांना त्याचा खरा उपयोग आहे. आणि नुकसान झालेच, तर साफसफाई करण्यापूर्वी फोटो काढा, पंचनामा मागा, त्याची प्रत घ्या. तलाठ्याने 'नंतर या' म्हटले तरी अर्ज देऊन पोच घेतल्याशिवाय परतू नका. खिडकी आज बंद असेल, ती उद्या उघडेल. त्या दिवशी आपला कागद आपल्या हातात असला पाहिजे.

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. आठवडाभर रोज सकाळी आणि संध्याकाळी वारा कोणत्या दिशेने येतो ते वहीत लिहा. गच्चीवर किंवा दारात बांधलेली एक चिंधी एवढे साधन पुरे. वारा ज्या दिवशी दिशा बदलेल, त्या दिवशी हवेत काय फरक पडला तेही लिहा. बर्गेनच्या शास्त्रज्ञांचे कामही अशाच रोजच्या नोंदींवर उभे राहिले होते.

पुढील अंकी पाहू : वीज पडते म्हणजे काय, आणि झाडाखाली का थांबू नये.