दहा रुपयांत मनाचं काय काय मावणार?

दाढ दुखली तर तालुक्याला डॉक्टर मिळतो. पण झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना, तर जायचं कुठे? मग कुणी म्हणतं ‘बाहेरचं झालंय’, कुणी म्हणतं ‘सुख दुखतंय हिचं’.

संसदेच्या आरोग्य समितीने २०२३ साली सांगितलं, की आपल्याकडे लाख माणसांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. हवेत तीन. जे आहेत, तेही बहुतेक मोठ्या शहरांत.

यावर सोपा उपाय सुचतो: जादा पैसे द्या, डॉक्टर येतील. अमेरिकेत तसं करतात. तुटवड्याच्या भागातल्या मनोविकारतज्ज्ञाला तिथली मेडिकेअर योजना १० टक्के जादा देते. ठरावीक वर्षं सेवा केली, तर शिक्षणाचं कर्जही सरकार फेडतं. तरीही तिथल्या खेड्यांतला तुटवडा संपलेला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी हे प्रश्न भत्त्याने सुटतात थोडेच?

म्हणून मला वाटतं, पैसा डॉक्टरला द्याच, पण गावात आधीच असलेल्या बाईलाही द्या. विदर्भातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने हे करून दाखवलं. गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक शिकवून तयार केले, गरज पडेल तिथे मनोविकारतज्ज्ञ जोडीला. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले.

आता आपल्या आशाताईंकडे बघा. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म त्या भरतात, त्यात मनाविषयी दोन प्रश्न आहेत: कामात रस वाटतो का, उदास वाटतं का. या अख्ख्या फॉर्मचा मोबदला केंद्राने ठरवला दहा रुपये. हे पैसे झाले फॉर्मचे. दार लोटून एखादी सून तासभर रडली, तर ते ऐकण्याचे नव्हेत. आणि जिथे पैसा कागदाचा मिळतो, तिथे कागदच पुढे सरकतो. यात आशाताईंचा काय दोष?

बाळंतपणासाठी बाईला दवाखान्यात नेण्याचा मोबदला ठरला, तसा उदास बाईला डॉक्टरपर्यंत नेण्याचा आणि पुढचे सहा महिने तिची विचारपूस करण्याचाही ठरायला हवा. पुढच्या ग्रामसभेत हे विचारूया: आपल्या जिल्ह्याचे मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला कोणत्या वारी येतात? आशाताईंना या कामाचं प्रशिक्षण मिळालं का? आणि पैसे?

तोवर १४४१६ हा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दाढदुखी आपण लपवत नाही, मग हे तरी का लपवायचं?