पैठणीचे नाव कोणाचे, मजुरी कोणाची

यंत्रमागावरच्या नकली पैठणीवर बंदी घाला, अशी येवल्याच्या हातमाग विणकरांची जुनी मागणी आहे. त्यांचा संताप रास्त आहे. महिना-दोन महिने मागावर बसून विणलेल्या साडीशेजारी दुकानात दीड-दोन हजारांची 'पैठणी' लटकते आणि गिऱ्हाईक दोन्हींचे भाव एका दमात विचारते. तरीही केवळ बंदीने विणकराचे भले होईल, असे आम्हाला वाटत नाही.

बंदीला कायद्याचा आधार आहे. 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली 22 प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले होते. पुढे ते प्रकार 11 वर आले. साडी त्यात आजही आहे. पण देशभर पसरलेल्या लाखो यंत्रमागांवर नजर ठेवणार कोण? शिवाय त्या मागावर उभा असलेला कामगारही हातावर पोट असलेलाच. आणि ती स्वस्त साडी घेणारी बाई? 'होम मिनिस्टर'सारख्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाने पैठणीची हौस घरोघर पोचवली. शेतमजुराच्या मुलीने लग्नात मोराच्या पदराची साडी नेसली तर तिने कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही.

हिरावून घेतो तो नाव लपवणारा. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण दुकानात उभ्या असलेल्या बाईला त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा हातातली साडी कशावर विणली हे कोणी तिला सांगेल. 'सिल्क मार्क' ही रेशमाची खूण फक्त रेशमाची हमी देते, मागाची नाही. शुद्ध रेशमाची यंत्रमागावरची साडीही ती खूण प्रामाणिकपणे मिरवू शकते. खरी ओळख पदर उलटल्यावर पटते. परंपरागत पैठणीत पदरावरच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, असते. विणकर धागे मोजून ती बोटांनी फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवतो. त्यामुळे बांगडी मोर किंवा आसावलीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे राहतात. या दोहोंमध्ये जॅकार्ड लावलेल्या हातमागावरची ब्रोकेड पैठणीही आहे. तिला नकली म्हणणे अन्यायाचे, आणि तिल्लीच्या पैठणीच्या भावात विकणेही अन्यायाचेच. म्हणून आमचे मत असे, की माग कोणता आणि पदर कसा विणला, हे प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर आणि बिलावर छापणे सक्तीचे करावे. 'सेमी पैठणी' खुशाल विकावी, पण सेमी म्हणूनच.

एवढ्याने नाव वाचेल. मजुरी वाढेलच असे नाही, आणि आम्हाला खरी काळजी तिची आहे. अनेक विणकरांना रेशीम आणि जर व्यापारी देतो, साडी तोच उचलतो. विणकराच्या हाती येते ती नगावर ठरलेली मजुरी. काठपदराची कीर्ती वाढून दुकानातला भाव चढला, तरी ही मजुरी आपोआप चढत नाही. कांड्या भरणाऱ्या, ताण्याला हात लावणाऱ्या बायकांचे काम तर बहुधा हिशेबातच येत नाही. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशातल्या सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे उत्पन्न महिन्याला पाच हजारांच्या आत आढळले. येवल्याच्या पैठणीवाल्याची स्थिती याहून बरी असू शकते. पण आपल्या मुलाने मागावर बसावे की नाशिकला नोकरी धरावी, हे ठरवताना त्याला कलेचा अभिमान पुरत नाही, आणि पुरावा अशी अपेक्षा आपणही करू नये.

सरकारची मदत येते, पण तिची दिशा डळमळती. 2015 पासून 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो. 2020 मध्ये मात्र विणकरांचे म्हणणे दिल्लीपर्यंत नेणारे अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त झाले. महाराष्ट्राने अलीकडे नोंदणीकृत विणकरांना उत्सव भत्ता दिला, तो चांगलाच. त्यापेक्षा टिकाऊ उपाय कच्च्या मालात आहे. मराठवाड्यात तुतीखालचे क्षेत्र वाढते आहे आणि कोष विकायला जालन्यात बाजार आहे. त्या कोषांपासून काढलेले रेशीम विणकरांच्या सहकारी संस्थेला उधारीवर, ठरलेल्या भावाने मिळाले तर व्यापाऱ्याकडून रेशीम घेण्याची सक्ती सुटेल आणि साडी कोणाला विकायची हे विणकर स्वतः ठरवू शकेल. त्यासाठी लागणारे खेळते भांडवल राज्य सरकारने पुढच्या अर्थसंकल्पात द्यावे.