विश्लेषण : ६८० अश्वशक्तीची मर्सिडीज चाहत्यांना का रुचली नाही?

मर्सिडीज-एएमजी सी-६३ आणि बीएमडब्ल्यू एम-३ यांची स्पर्धा जुनी. पण २०२२ मध्ये एएमजीने सी-६३ मधले चार लिटरचे व्ही-८ इंजिन काढून दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि विजेची मोटर बसवली. तिथून सामना बदलला.

आकडे काय सांगतात?

कागदावर सी-६३ सरस. तिची ताकद ६८० अश्वशक्ती, एम-३ कॉम्पिटिशनची २०२२ मध्ये ५१० होती. तरीही शून्य ते शंभरचा वेग गाठायला तिला ३.४ सेकंद लागतात आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या एम-३ला ३.५. एवढी जादा ताकद गेली कुठे? वजनात. बॅटरी आणि मोटरमुळे सी-६३ २१०० किलोंच्या पुढे गेली. एम-३ सुमारे ३०० किलोंनी हलकी आहे.

वळणावर कोण भारी?

सरळ रस्त्यावर वजन झाकता येते, घाटातल्या वळणावर नाही. सी-६३ची मागची चाकेही थोडी वळतात, त्यामुळे ती वळणात चटकन शिरते. पण जोरात ब्रेक दाबला की वजन जाणवतेच. एम-३ इथे अधिक मोकळी. आणि निव्वळ चालवण्याच्या आनंदात अल्फा रोमिओची जुलिया क्वाड्रिफोलियो दोघींनाही भारी पडते : ताकद फक्त मागच्या चाकांना, पुढे-मागे वजन जवळपास निम्मे-निम्मे, स्टिअरिंग कमालीचे तल्लख.

मग नाराजी कशाची?

मुख्यतः आवाजाची. सी-६३ घेणारा व्ही-८च्या घुमणाऱ्या गडगडाटासाठीच पैसे मोजत असे. बरे, इंधन वाचते म्हणावे, तर केवळ विजेवर ही गाडी जेमतेम १३ किलोमीटर धावते.